विजेने नेलेले सभासद

"साहेब, सभासद नाई राह्यले."

फोनवर वंदनाताई होत्या. मी नागपुरात ऑफिसखालच्या टपरीवर तर्री-पोहे खात होतो. घास तिथंच थांबला.

"नाही राहिले म्हणजे? कोण गेलं?"

"सगळेच गेले जी. काल संध्याकाळी होते. आज सकाळी पाह्यला तं एकही नाई."

"सगळे?"

"सगळे. सुदामभाऊ बी गेले. तेच इथी बाजूले बसून विचारून राह्यले का मी कुठी गेलो म्हनून."

कोणी मेलं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. गेले होते ते कॉम्प्युटरमधले सभासद. पण त्या क्षणी मला बसलेला धक्का खऱ्या मयतापेक्षा कमी नव्हता, कारण त्या सभासदांना ठेवण्याची जबाबदारी माझी होती. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर' असं छापलेलं होतं. कंपनीत आम्ही चौघं होतो आणि चौघंही सीनियर होतो.

आरमोरीच्या पुढे एका गावात मच्छीमार संस्थांचा छोटा संघ होता. नाव सांगत नाही, कारण यात त्यांची काही चूक नव्हती. हे साधारण दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं. या भागात गावोगावी मोठमोठे जुने तलाव आहेत. गावातल्या ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाची, संस्था तलाव ठेक्यानं घेते, माशांचं बीज सोडते, आणि पाणी कमी झालं की सगळे मिळून जाळं ओढतात. जितके सभासद तितके हिस्से. सुदामभाऊ हे अशाच एका संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या तलावाचा ठेका त्या वर्षी संपत होता. नेमका एका बाहेरच्या ठेकेदाराचा त्या तलावावर डोळा होता. त्यानं मत्स्य खात्याच्या साहेबांकडे अर्ज टाकला की या संस्थेत खरे मच्छीमार नाहीतच, अर्धे सभासद वर गेलेत आणि अर्धे मुलीकडे राहायला गेलेत. जुनी यादी पाहिली तर त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तेव्हा साहेबांनी सांगितलं, सुनावणीच्या दिवशी नवी यादी आणा, प्रत्येकाच्या फोटोसकट. नाहीतर तलाव लिलावात जाईल.

तलाव गेला तर त्या गावाच्या हाती वर्षातले चार महिने काही राहणार नव्हतं. आणि ती यादी ठेवण्याचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं.

आता थोडं धंद्याचं. जावामध्ये लिहिलेला प्रोग्राम चालू असतो तोवर त्याला सगळं आठवतं. बंद केला की डोकं कोरं. सकाळी उठल्यावर माणूस स्वतःचं नाव विसरावा, तसं. म्हणून जे लक्षात राहायला हवं ते डेटाबेसमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या पक्क्या कपाटात, ठेवावं लागतं. या ठेवण्या-काढण्याला आम्ही 'पर्सिस्टन्स' म्हणतो. सोप्या मराठीत टिकाऊपणा. तो हातानं लिहिणं फार किचकट, म्हणून हायबरनेट नावाचं एक तयार साधन तेव्हा नवं नवं आलं होतं. तो मधला हमाल समजा. आपण म्हणायचं, "हे सुदामभाऊ, ठेव." तो कपाट उघडतो, योग्य कप्प्यात सुदामभाऊ ठेवतो. हमालानं काय करावं, काय करू नये, हे एका छोट्या फाईलमध्ये लिहून द्यायचं. ती फाईल मी लिहिली होती. मोठ्या हौसेनं.

पोहे टाकून मी आरमोरीची बस पकडली.

संघाचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. मॅनेजर निकुरे साहेब गंभीर चेहरा करून बसले होते. वंदनाताई कॉम्प्युटर चालवायच्या. त्या गुन्हा केल्यासारख्या उभ्या होत्या. सुदामभाऊ पडवीत बिडी ओढत होते.

"काल काय झालं ते सांगा," मी म्हणालो. डॉक्टर विचारतात तसं.

"का होते जी," वंदनाताई म्हणाल्या, "पाचच्या टायमाले आभाळ गरजला. मंग मी प्लग काढले."

"कशाचे?"

"सगळ्याईचे. टीव्ही, फोन, कम्पुटर. इथी वीज कडाडली का प्लग काढतेच सगळे. मागच्या साली पोस्टातला फोन जळला ना."

हे खरं होतं. त्या भागात ढगांचा पहिला गडगडाट झाला की घराघरांतून माणसं भिंतीकडे धावतात. पूजेची घंटा वाजल्यावर हात जोडावेत इतक्या सहजपणे प्लग निघतात. एरवी मशीन चोवीस तास चालू असायचं. इन्व्हर्टर होता, आणि सर्व्हर बंद करायचा नाही अशी मी सक्त ताकीद दिली होती. का बंद करायचा नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. मोठ्या कंपन्या करत नाहीत एवढं ऐकून होतो.

मी डेटाबेस उघडला. कपाट जागच्या जागी होतं. कप्पे जागच्या जागी होते, लेबलं नीट लावलेली होती. आत मात्र काहीही नव्हतं. म्हणजे घरात चोर शिरावा, झाडून सगळं न्यावं, आणि जाताना घर सारवून, रिकामे डबे ओळीनं मांडून जावं, असा प्रकार. असला टापटिपीचा चोर पाहून कोणाही शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती.

मला आली नाही. माझ्याकडे वीज होती ना.

"सर्ज," मी निकुरे साहेबांना म्हणालो. "विजेचा झटका. प्लग काढेपर्यंत आत शिरला. डिस्कवरचा डेटा चुंबकीय असतो. पुसला जातो."

"पन मशीन तं चांगली चालून राह्यली," निकुरे साहेब म्हणाले.

"तेच तर डेंजर असतं, साहेब."

आज हे वाक्य आठवलं की मला स्वतःला चपलेनं मारावंसं वाटतं. पण तेव्हा त्याचा परिणाम जबरदस्त झाला. निकुरे साहेबांनी मान हलवली. वंदनाताईंनी, आपली चूक नाही हे कळल्यामुळे, माझ्यासाठी चहा मागवला.

"मंग आता का करावा?" सुदामभाऊंनी पडवीतून विचारलं.

"अर्थिंग," मी म्हणालो.

ऑफिसच्या मागे माणूस उभा मावेल एवढा खड्डा खणायला लावला. त्यात पाइप, कोळसा आणि पोतंभर मीठ. वरून पाणी. रोज सकाळी बादलीभर पाणी घालायचं, असंही सांगितलं. खड्डा खणला सुदामभाऊंच्या गावच्या दोन माणसांनी, कारण गरज त्यांची होती. त्यातला एक म्हणाला, "गंज मीठ लागते जी तुमच्या कम्पुटरले." गंज म्हणजे तिकडे खूप. मी त्याला सर्ज समजावून सांगितला. तो लक्ष देऊन ऐकत होता. परमेश्वर मला क्षमा करो.

सभासद पुन्हा बोलवावे लागणार होते. दिवस धान कापणीचे. त्या दिवसांत इथं माणूस ताप आला तरी घरी बसत नाही. तरी सुदामभाऊंनी सगळ्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं. मी मुद्दाम हजर राहिलो. आपल्या अर्थिंगचं उद्घाटन कोण चुकवेल?

वंदनाताई नाव विचारत होत्या, वेबकॅमनं फोटो काढत होत्या, सेव्ह करत होत्या. रांग पुढे सरकत होती. दुपारपर्यंत दोनचारच माणसं राहिली. पार्बताबाई नावाच्या एक ठसकेबाज बाई रांगेत शेवटी होत्या. मागच्या वेळी त्यांचा फोटो डोळे मिटलेला आला होता, म्हणून या वेळी त्या डोळे फाडून बसल्या.

आणि स्क्रीन अडकली. फोटो मोठे होते, मशीन लहान होतं, कधीकधी असं व्हायचं.

"एक मिनिट," मी म्हणालो आणि वंदनाताईंना बाजूला केलं. "रिस्टार्ट मारतो."

बाहेर आभाळ निळंशार. ढगाचा ठिपका नाही. मी सर्व्हर बंद केला, चालू केला. सभासदांची स्क्रीन उघडली.

एकूण सभासद: शून्य.

मी पुन्हा उघडली. शून्य.

   मागे पडवीत माणसं सुपारी कातरत, गप्पा मारत बसली होती आणि इकडे मी त्यांना सगळ्यांना एका बोटानं नाहीसं करून टाकलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत.

सुदामभाऊ हळूच माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना वाचता येत होतं. शून्य तर सगळ्यांनाच वाचता येतं. त्यांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता कोनती वीज पडली, बापा?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि हमालाची फाईल उघडली. 

हमाल काम करताना काय काय करतो ते बडबडत राहील, अशी एक सोय त्याच्या फाईलमध्ये असते. ती बडबड काळ्या स्क्रीनवर भराभर सरकते. गिऱ्हाइकासमोर ते गबाळं दिसतं म्हणून मी ती बंद ठेवली होती. आता ती चालू केली. सर्व्हर पुन्हा सुरू केला. आणि पहिल्याच ओळींत, काहीही घडायच्या आधी, हमाल मोठ्यानं म्हणाला: 'सभासद' नावाचं टेबल, म्हणजे कपाटातला कप्पा, असेल तर पाडून टाक. मग म्हणाला: 'सभासद' नावाचं नवं टेबल बांध.

मी ती ओळ तीनदा वाचली. घर सारवून रिकामे डबे मांडणारा चोर मला सापडला होता. त्याला पगारावर मीच ठेवला होता.

झालं होतं ते असं. त्या फाईलमध्ये एक ओळ असते: सुरू होताना कपाटाचं काय करायचं? तिथं 'व्हॅलिडेट' लिहिलं तर हमाल फक्त कपाट तपासतो, हात लावत नाही. 'क्रिएट' लिहिलं तर तो जुनं कपाट मोडून नवं कोरं बांधतो. प्रत्येक वेळी, न विचारता. प्रोग्राम लिहीत असताना मी रोज कप्पे बदलत होतो, म्हणून सोयीसाठी 'क्रिएट' ठेवलं होतं. नंतर बदलू म्हटलं. नंतर हा शब्द आमच्या धंद्यात फार धोक्याचा आहे.

मग नागपुरात हे माझ्या लक्षात का आलं नाही? कारण तिथं मी नमुन्याचे वीस सभासद एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवले होते. नवं कपाट बांधलं की हमाल ते वीस जण आपोआप आत नेऊन ठेवायचा. मी रोज सकाळी मशीन चालू करायचो आणि वीसच्या वीस हसत उभे. मला वाटायचं, काय टिकाऊ काम केलंय! ते रोज मरत होते आणि रोज जन्मत होते. गावात बसवताना, गिऱ्हाइकाला खोटी नावं दिसू नयेत म्हणून, तेवढी ती फाईल मी काढून टाकली होती.

मी शब्द बदलला. अर्ध्या मिनिटाचं काम. मग पडवीत जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की वीज नव्हती, माझी चूक होती.



"मंग ते मीठ?" खड्डा खणणारा म्हणाला.

"ते... लागलं नसतं."

"पोतंभर होतं ना बापा!"

"याच्या जेवनात टाका आता," पार्बताबाई म्हणाल्या. लोक हसले. मला तेव्हा हसण्यापेक्षा मार बरा वाटला असता. त्या पुढे म्हणाल्या, "माह्या लग्नात एकच फोटो काढला होता. यानं दोनदा काढला आन् दोन्ही वेळा हारपवला."

निकुरे साहेब हळू आवाजात म्हणाले, "सुदामभाऊ, आता बसलेच आहेत सगळे, तं पुन्हा..."

"नाई जी." सुदामभाऊ शांत होते. त्यांचं शांत असणं मला जास्त भीती घालत होतं. "मानसं आता घरी जातीन. धान वाफ्यात पडला आहे. आन् मी बी त्याईले पुन्हा नाई बोलावत. पयले याले इथी दाखवू द्या. ए साहेब, बस. मले एकट्याले भर."

मी बसलो. सुदामभाऊंना भरलं. नाव, वडिलांचं नाव, फोटो. सेव्ह.

"आता बंद कर."

बंद केलं. चालू केलं. मशीन सुरू व्हायला तेव्हा चांगला वेळ घ्यायचं. तेवढ्या वेळात मी आयुष्यात कधी नव्हे ते मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. कारण समजलं आहे हे माहीत असणं वेगळं आणि त्यावर विश्वास बसणं वेगळं.

एकूण सभासद: एक.

"राह्यलो?" सुदामभाऊंनी विचारलं.

"राहिलात."

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. राहिले. मग ते उठले, भिंतीशी गेले आणि काही न बोलता त्यांनी स्वतःच्या हातानं प्लग खेचला. मशीन 'टुक्' करून मेलं.  प्लग पुन्हा लावला. वंदनाताई तोंडावर पदर धरून उभ्या.

एकूण सभासद: एक.

"हं," सुदामभाऊ म्हणाले. "पक्का झाला. आता आयक. आमच्यात ज्याच्या हातून भरलेल्या जाळ्याचा दोर सुटते, त्याले त्या दिवशी हिस्सा नाई भेटत. आन् बाकीच्याईच्या टोपल्या त्यानंच डोक्यावर वाहाच्या. तू दोनदा दोर सोडला. मानसं इथी येनार नाई. तू मशीन घेऊन तिथी ये."

मी निकुरे साहेबांकडे पाहिलं. ते मन लावून कॅलेंडर पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ऑटोनं मशीन त्यांच्या गावापर्यंत गेलं. पुढे तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, वाट चिखलाची होती, ऑटो चढेना. मॉनिटर एकानं घेतला. सीपीयू सुदामभाऊंनी माझ्या डोक्यावर ठेवला. खाली चुंबळ मात्र दिली, एवढी दया. सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर डोक्यावर सर्व्हर घेऊन तलावाच्या पाळीवरून चालले आहेत आणि बांधीतली, म्हणजे धानाच्या वाफ्यातली, माणसं कमरेत वाकलेली सरळ होऊन पाहत आहेत, असा तो देखावा होता. एका म्हातारबुवांनी विचारलं, "का विकून राह्यला हा?"

धानाच्या गिरणीतून लाईट घेतली. गिरणीच्या पडवीत टेबल मांडलं. लोक कापणी सोडून येऊन उभे राहायचे, नाव सांगायचे, फोटो काढायचे आणि परत पळायचे. घामेजलेले, केसांत धानाचा भुसा, कोणाच्या खांद्यावर विळा, कोणाच्या हातात. विळा ठेवून या म्हणायची माझी हिंमत नव्हती. दर थोड्या वेळानं सुदामभाऊ यायचे, म्हणायचे, "बंद करून दाखव," आणि मी दाखवायचो. आकडा वाढत गेला आणि एकदाही खाली आला नाही. पार्बताबाई या वेळी डोळे मिटूनच बसल्या.

"बाई, डोळे उघडा."

"कायले? हारपनाराच आहे तं चांगला कायले काढतो?"

शेवटी उघडले. यादी छापली. सुनावणीला सगळे सभासद ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले आणि संघाच्या जीपमधून मीही गेलो, कारण निकुरे साहेबांना माझ्या तोंडापेक्षा माझी हजेरी खात्रीची वाटत होती.

खात्याच्या साहेबांनी यादी चाळली. ठेकेदाराचा माणूस शेजारून वाकून पाहत होता. मध्येच त्यानं बोट ठेवलं.

"साहेब, हे पाहा. हा विळा. हाही विळा. ही बाई, विळा. सगळे शेतमजूर आहेत हे! मच्छीमार कुठं आहे यात?"

 पहिल्या फोटोंत हे लोक स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत, केस विंचरून बसले होते. दुसऱ्या फोटोंतही. मी दोन्ही वेळा ते पुसले म्हणून तिसरे फोटो बांधीतून उचलून आणलेल्या माणसांचे निघाले, आणि आता तेच त्यांच्या अंगावर येत होते. दोर तिसऱ्यांदा सुटला, असं मला वाटलं. सुदामभाऊंकडे पाहायची माझी छाती झाली नाही.

साहेबांनी मान वर केली. "काय हो, हे विळे कशाला?"

सुदामभाऊ बोलायच्या आत पार्बताबाई पुढे झाल्या. "धान कापून राह्यलो होतो जी. तलाव आता गळ्याइतका भरला आहे. आता का त्याच्यात उभं राहून पानी पाहावा? पानी उतरला का जाळा, तोवर विळा. आमाले दोन्हीकडून पोट भरावा लागते. तुमचा बरा आहे, एकाच खुर्चीवर भरते."

 निकुरे साहेबांनी डोळे मिटले. खात्याच्या साहेबांनी पार्बताबाईंकडे पाहिलं आणि मग ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. त्यांनी प्रत्येक फोटो आणि समोरचा माणूस ताडून पाहिला. सगळे जागेवर होते. ठेकेदाराच्या माणसाचं म्हणणं लिहून घेतलं आणि त्याखाली तलाव संस्थेकडेच राहील, असं लिहून सही केली.

बाहेर आल्यावर सुदामभाऊंनी मला बिडी देऊ केली. मी ओढत नाही, तरी घेतली.

"पानी उतरला का ये," ते म्हणाले. "हिस्सा नाई भेटनार. पन खाऊन जा."

मी खुशीत बसस्टँडवर आलो. तिथं मोबाईलला रेंज यायची. नागपूरला पाठक सरांना, म्हणजे आमच्या बॉसना, फोन लावला. आतापर्यंत त्यांना मी विजेचीच गोष्ट सांगितली होती. आता काम फत्ते झालं होतं, म्हणून उदार मनानं खरं सांगून टाकलं. 'क्रिएट'चं, मिठाचं, डोक्यावरच्या सीपीयूचं, सगळं. सर हसतील असं वाटलं होतं.

सर हसले नाहीत.  त्यांनी हळूच विचारलं,

"ही कॉन्फिगची फाईल तू नवी लिहिली होतीस?"

"नाही सर. वरोऱ्याच्या जिनिंगवाल्यांना मीच लिहून दिलेली कॉपी करून फक्त नावं बदलली. ती चांगली चालत होती म्हणून..."

माझं वाक्य पूर्ण झालं नाही.

वरोऱ्याच्या त्या कापसाच्या कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर हंगाम सुरू झाल्यापासून चालू होतं. फाटकातून आत आलेली प्रत्येक गाडी, तिचं वजन, कोणाचा कापूस, सगळं त्यात. आणि तिथली फाईल मीच लिहिली होती. त्याच सोयीनं. तिथं आजवर काही झालं नव्हतं, कारण त्यांच्याकडे स्वतःचा जनरेटर होता आणि माझी ताकीद त्यांनी तंतोतंत पाळली होती. मशीन एकदाही बंद झालं नव्हतं. म्हणजे सगळा हंगाम एका कधीही न काढलेल्या प्लगवर लटकत होता.

"फोन कर त्यांना!" सर ओरडले.

लावला. जिनिंगचा फोन लागेना. नेहमीसारखाच. मी पहिली मिळेल ती बस पकडली, नागभीडला बदलली, पुढे ट्रकवाल्याचे पाय धरले. वरोऱ्यात जिनिंगच्या फाटकातून पळत आत शिरलो तेव्हा अंगावर कापूस उडत होता. ऑफिसात अकाउंटंट गावंडेकाका कॉम्प्युटरसमोर उकिडवे बसले होते. एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात पेंटचा ब्रश.

"अरे या या!" ते म्हणाले. "काय टायमावर आले! आत रुई जाऊन पंखा घरघर करून राह्यला. बंद करून जरा झाडून घेतो म्हटलं."

त्यांचं बोट बटणावर होतं.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. बाहेरचे हमाल धावत आले, एवढं आठवतं. काकांनी हात असा काढला की जणू बटणावर नाग बसला होता.

"काऊन? का झाला?"

"काही नाही," मी धापा टाकत म्हणालो. "झाडायचं काम आमचं. तुम्ही सरका."

आधी सगळ्या डेटाची प्रत काढून वेगळ्या डिस्कवर घेतली. मग दुसरी प्रत काढली. मग शब्द बदलला. मग डोळे मिटून मशीन बंद केलं, खरोखरच उघडलं, ब्रशनं आतली रुई झाडली आणि चालू केलं. सगळ्या गाड्या जागेवर होत्या. मी तिथंच, सरकीच्या पोत्यावर बसलो.

गावंडेकाकांनी कंपनीला पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं की आपली सर्व्हिस फारच उत्तम आहे, नुसता पंखा घरघरला तरी आपले इंजिनियर न बोलावता धावत येतात आणि स्वतः धूळ झाडून जातात. पाठक सरांनी ते फ्रेम करून रिसेप्शनला लावलं. पुढची तीन वर्षं नवी गिऱ्हाइकं ते वाचून आमच्याकडे येत राहिली.

मी त्यातून शिकलो ते एवढंच. सॉफ्टवेअर चालू करून दाखवणं सोपं असतं, ते कोणीही करतो. बसवून झालं की गिऱ्हाइकाच्या आधी आपणच ते एकदा बंद करावं. जमल्यास, सगळी माणसं जेवायला गेलेली असताना.